गर्भाशयमुखाचा कॅन्सर पोटाच्या कातडीवर गाठ होऊन येऊ शकतो का?

येऊ शकतो. क्वचित येतो, पण येतो. त्यामुळे ती गाठ कसली आहे हे कुणालाही नुसतं बोटाने चाचपून ठरवू देऊ नका. याच आठवड्यात सुईची तपासणी करून घ्या, मग पुढचं वाचा.

तुम्ही लिहिलंय की आईला दोन वर्षांपूर्वी गर्भाशयमुखाचा कॅन्सर झाला, शेक (म्हणजे रेडिएशन) आणि केमो पूर्ण झाले, नंतरच्या तपासण्या चांगल्या आल्या. आता बेंबीच्या खाली डावीकडे सुपारीएवढी गाठ आणि तिच्या शेजारी दोन बारीक पुटकुळ्या आल्यात. दुखत काही नाही. एका डॉक्टरांनी चरबीची गाठ म्हणून सांगितलं, घरातल्या कुणी नागीण समजून काव, म्हणजे तांबडी माती, फासली, आणि मामांचं म्हणणं, गाठीला लोखंड लागू द्यायचं नाही, लागलं की पसरते.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. सिंधुदुर्गात किनाऱ्याजवळच्या एका तालुक्याच्या गावी माझी लहानशी लॅब आहे. गाठीत सुई घालायची, जे हाती लागेल ते काचेवर पसरायचं, रंगवायचं आणि बघत बसायचं, हा माझा रोजचा धंदा. आणि अगदी तुमच्या आईसारख्या एका बाईच्या बाबतीत मी स्वतः चुकलेली आहे, म्हणून हे लांबलचक उत्तर.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळख पटू नये एवढे तपशील बदलते. पन्नाशीतली बाई, काजूच्या कारखान्यात कामाला. काजूच्या चिकाने बोटं काळवंडलेली, जागोजाग कातडी सोललेली. अशा बाईला अंगावरच्या एखाद्या फोडाचं काय कौतुक? सोबतच्या चिठ्ठीवर एवढंच होतं: पोटाच्या कातडीत गाठ, तीन आठवडे, सिबेशियस सिस्ट (कातडीतली साधी, निरुपद्रवी पिशवी) असावी. बाजाराचा दिवस, बाहेर बाकावर दहा माणसं. मी साडी जेवढी सरकवायची तेवढीच सरकवली. परकराच्या नाडीच्या जरा खाली, लिंबाएवढी, घट्ट गाठ. सुई घातली, तर आतून पांढरट, दह्याच्या चोथ्यासारखं काहीतरी आलं. मायक्रोस्कोपखाली कातडीचे सुटे पापुद्रे आणि पूपेशींचा सडा. हे चित्र डोळे मिटूनही ओळखता येतं: पिकलेली सिस्ट. तसा रिपोर्ट दिला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

दोन महिन्यांनी तीच बाई परत. गाठ दुप्पट, आणि बाजूला आणखी दोन. या वेळी गर्दी नव्हती. तिला नीट आडवं केलं, नाडी सैल करायला सांगितली, आणि दिसलं की गाठ ज्या जागी होती तिथेच एक जुना, गोल, शेंगदाण्याएवढा व्रण आहे. ऑपरेशननंतर पोटातलं पाणी काढायला नळी ठेवतात, तिचा तो व्रण. त्याहून मला थांबवलं ते ठिपक्यांनी. बेंबीखाली मधोमध एक आणि दोन्ही कुशींना एकेक, हिरवट-काळे, टाचणीच्या डोक्याएवढे तीन ठिपके. तिच्या हातावर गोंदण होतंच, आमच्याकडच्या त्या वयाच्या बायकांना असतं. पण बेंबीखाली कोण गोंदवून घेतं? ते शेक देताना मशीन रोज त्याच जागी लागावं म्हणून केलेले खुणेचे ठिपके होते.

“शेक घेतलेले काय गो?” मी विचारलं.

“होय. चार वर्सां झाली. पिशयेचां आपरेशनय झालां.”

“मगे आधी सांगूक नाय तां?”

“तां कित्याक सांगू? तां जुनां, ह्यां नवीन.”

तिचं काहीच चुकलं नव्हतं. चिठ्ठी लिहिणाऱ्याने विचारलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. मी जुनी काच परत काढली. एका कोपऱ्यात, पापुद्र्यांच्या ढिगाआड, आठ-दहा पेशींचा एक पुंजका होता, केंद्रकं काळी, वेडीवाकडी, एकाचा आकार दुसऱ्याला मिळत नाही असा. पहिल्या वेळी तो नजरेखालून गेला असणारच. दिसला नाही, कारण मी तो शोधत नव्हते.

यातली खोच समजून घ्या, कारण तुमच्या आईच्या बाबतीतही हाच गोंधळ होऊ शकतो. गर्भाशयमुखाचे बहुतेक कॅन्सर स्क्वेमस जातीचे असतात, म्हणजे कातडीसारख्याच पेशींचे. त्यांच्यातल्या काही गाठी कातडीसारखंच केराटिन, म्हणजे कातडी-नखांतलं कडक द्रव्य, बनवतात आणि ते आत साठत जातं. मधला भाग सडला की पू होतो. सुईचं टोक नेमकं त्या मधल्या भागात गेलं, तर हाती लागतं केराटिन आणि पू, जे साध्या सिस्टमध्येही मिळतं. म्हणून अशा गाठीत सुई कडेच्या घट्ट भागातही घालावी लागते. आणि एकदा ‘सिस्ट’ असा रिपोर्ट येऊनही गाठ वाढत राहिली, तर रिपोर्ट जपून ठेवायचा आणि तपासणी पुन्हा करायची, या वेळी तुकडा काढून.

त्या बाईचा तुकडा काढला तेव्हा चित्र स्वच्छ होतं. वरची कातडी शाबूत, तिच्याखाली एक रिकामा पट्टा, आणि त्याखाली कॅन्सरची बेटं, मधे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे गोल गोल थर. कातडीचा स्वतःचा कॅन्सर वरून सुरू होऊन खाली उतरतो, हा खालून आलेला होता. तो तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात; मुंबईला ब्लॉक पाठवून पी-१६ हा रंग करून घेतला, तो गडद आला. एचपीव्ही विषाणूमुळे होणाऱ्या कॅन्सरमध्ये तो बहुधा तसाच येतो.

परकराच्या नाडीवरून एक आठवलं. नाडी किंवा धोतर वर्षानुवर्षं घासून कमरेच्या कातडीला कॅन्सर होतो, हे खरंच आहे. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलचे डॉ. खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ साली धोतराच्या कॅन्सरचं वर्णन छापलं होतं. त्यामुळे नाडीखालची गाठ बघितली की आमच्या पिढीच्या डॉक्टरांना तेही आठवतं. पण तो काळवंडलेल्या, खरखरीत पट्ट्यावर चरत गेलेल्या जखमेसारखा येतो. कातडीखाली सुपारी ठेवल्यासारखी गोल गाठ हे त्याचं रूप नव्हे.

आता तुमचा मूळ प्रश्न, कितपत शक्यता. हा कॅन्सर आधी आजूबाजूला, मग ओटीपोटातल्या लसीकाग्रंथींत (लिम्फ नोडमध्ये), आणि त्याही पलीकडे गेला तर फुप्फुस, यकृत, हाडं असा जातो. कातडी या यादीत फार खाली. जपानमधल्या ११९० रुग्णांची एक पाहणी १९९३ साली छापली गेली, तिच्यात १५ जणींना कातडीवर गाठी आल्या होत्या, म्हणजे सव्वा टक्का. स्क्वेमस जातीत कमी, ग्रंथींच्या म्हणजे ॲडिनो जातीत जास्त, आणि स्मॉल सेलसारख्या आडदांड जातीत सगळ्यात जास्त. आईच्या पहिल्या रिपोर्टवर जात लिहिलेली असेल, बघा. जागा बहुतेक वेळा पोटाची कातडी, योनिमुखाच्या आसपास आणि मांड्या, कधी छाती. बेंबीतच गाठ येणं हाही एक ओळखीचा प्रकार आहे.

कशी येते म्हणाल तर वाटा तीन. ऑपरेशन आणि शेक यांनी ओटीपोटातल्या लसीकावाहिन्या बुजतात, मग तिथला प्रवाह उलटा फिरतो आणि पेशी कातडीकडे ढकलल्या जातात. ओहोळात झाड आडवं पडलं की पाणी कुळागरात, म्हणजे बाजूच्या बागेत शिरतं, तसं. दुसरी वाट रक्ताची. तिसरी म्हणजे टाके, नळी किंवा दुर्बिणीचं भोक यांच्या व्रणात थेट रुजणं. तुमच्या आईचं ऑपरेशन झालेलं नाही, तेव्हा तिसरी वाट बाद.

आता नागीण. ज्यांनी काव लावली त्यांना हसू नका. शेक-केमो झालेल्या माणसाला खरी नागीण होण्याची शक्यता जास्तच असते, आणि कातडीतला कॅन्सर कधीकधी हुबेहूब नागिणीसारखा पट्ट्यात उठतो. फरक असा की नागीण आग आग करते, आणि दोन-तीन आठवड्यांत खपल्या धरून सुकते. ज्या पुटकुळ्या दुखत नाहीत, खपली धरत नाहीत आणि बोटाला कडक लागतात, त्यांना नागीण म्हणून सोडून देऊ नये. तपासायला जाताना मात्र काव धुऊन जा. त्या तांबड्या रंगाखाली कातडी लाल आहे की नाही हे कुठल्याही डॉक्टरला कळणार नाही. कारण आणखी एक रूप असतं: गाठ नाहीच, नुसती लालसर, गरम, सुजलेली कातडी, जंतुसंसर्गासारखी. अँटिबायोटिकचा कोर्स होतो, दुसरा होतो, लाली हटत नाही. तिथेही तुकडाच काढावा लागतो.

लोखंडाबद्दल. ही समजूत मी माझ्या आजीकडूनही ऐकली आहे. पूर्वी माणसं गाठ हाताबाहेर गेल्यावरच डॉक्टरकडे जायची, चिरा लागायचा आणि चार महिन्यांत माणूस जायचं, दोष चिऱ्याला. सुईच्या वाटेने पेशी सांडल्याची उदाहरणं वैद्यकात आहेत, पण फार विरळ. आणि मामांना एवढंच विचारा: ही गाठ कॅन्सरची असेल तर तो ओटीपोटातून कातडीपर्यंत आधीच चालत आलाय, आता सुईने आणखी कुठे न्यायचा? सुई रक्त काढायच्या सुईएवढी किंवा तिच्याहून बारीक असते. भूल लागत नाही, पाच मिनिटांचं काम, रिपोर्ट बहुधा दुसऱ्या दिवशी.

मऊ भागांत, म्हणजे स्नायूंत वगैरे पसरण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण आई आहे म्हणून सांगून ठेवते. स्नायूत कॅन्सर सहसा रुजत नाही, सततची हालचाल आणि तिथली आम्लता त्याला मानवत नाही म्हणतात. पण सोआस नावाचा स्नायू कण्यापासून मांडीपर्यंत, लसीकाग्रंथींना घासूनच जातो, तिथे तो शिरतो. बाईची कंबर-जांघ दुखते आणि पाय सरळ होत नाही, झोपताना गुडघ्याखाली उशी लागते. सीटी स्कॅनवर स्नायूत पाण्याची पिशवी दिसते, आणि आपल्या देशात सोआसमध्ये पिशवी दिसली की पहिलं नाव येतं टीबीचं. पुष्कळदा ते बरोबरही असतं. माझ्याकडे अशीच एक बाई टीबीच्या गोळ्या तीन महिने घेऊन आलेली. पिशवीतलं पाणी तपासलं तर त्यात कॅन्सरच्या पेशी. तिचीही जुनी फाईल घरी ट्रंकेत. तेव्हा आईचा पाय आखडायला लागला तर ‘वय झालं, वात असेल’ म्हणून तेल चोळत बसू नका.

हातात चिठ्ठी आली की तिच्यावर डॉक्टरांनी काहीही लिहिलेलं असो, खाली तुम्ही स्वतःच्या अक्षरात लिहा: गर्भाशयमुखाचा कॅन्सर, अमुक साली, अमुक जातीचा, शेक किती, केमो कुठलं, शेवटचा शेक कधी. लाजू नका. ‘पिशवीचा आजार’, ‘खालचं दुखणं’ असं मोघम लिहून भागत नाही, मी पिशवीचा आजार म्हणजे फायब्रॉइड, गर्भाशयातली साधी गाठ, समजेन. त्या बाईनंतर माझ्या लॅबमध्ये गाठ घेऊन येणाऱ्या प्रत्येकीला माझ्या हाताखालची पोरगी आधी विचारते, “शेक, केमो, पिशयेचां आपरेशन, कायव झालां हा?” आणि मी पोट पूर्ण उघडून ठिपके शोधते.

रिपोर्ट चरबीची गाठ असा आला, तर छान. खरंच तसा येऊ शकतो, कॅन्सर होऊन गेलेल्या माणसालाही चरबीच्या गाठी होतातच. रिपोर्ट उलटा आला तर पुढे काय, हे मी कॅन्सरतज्ज्ञ नसल्याने थोडक्यात सांगते. आधी सीटी किंवा पेट स्कॅन करून बघतात की आणखी कुठे आहे का. एकटी गाठ असेल तर काढून टाकतात किंवा तिथे शेक देतात. पोटाला एकदा शेक झालेत म्हणून आता देता येणार नाहीत असं धरून चालू नका, कातडीच्या गाठीला फक्त वरवरच्या काही सेंटिमीटरपुरते जाणारे इलेक्ट्रॉनचे शेक देता येतात, रक्त येत असेल तर कधीकधी एकाच बैठकीत. पसारा जास्त असेल तर केमो, बहुधा कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल, जमेल तिथे बेव्हासिझुमॅब हे औषध जोडीला. अलीकडे पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषधही आलंय, काही जणींना त्याने वेळ वाढवून मिळतो, पण किंमत ऐकून खुर्ची धरावी लागते. महात्मा फुले योजनेत काय बसतं आणि काय नाही, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

कुणी ‘आता चौथी स्टेज झाली’ म्हणालं तर घाबरून जाऊ नका, स्टेज पहिल्या निदानाला ठरते आणि कागदावर तीच राहते. पण खोटा धीरही देणार नाही. कातडीवर आलेला हा आजार बहुतेक वेळा शरीरात इतरत्रही असतो, आणि पुढचा काळ वर्षांपेक्षा महिन्यांत मोजला जातो. माझ्या त्या काजूवालीचं निदान आषाढात झालं. केमो आणि शेक घेतल्यावर गाठी बसल्या, जखम झाली नाही. त्या वर्षी तिने गणपतीला घरी सगळ्यांसाठी मोदक केले, दिवाळीनंतर काही महिने कामावरही बसली. पुढच्या गणपतीपर्यंत पोचली नाही.

गाठ फुटलीच तर घरी हळद, पाला, राख काही भरू नका. मिठाच्या पाण्याने, म्हणजे सलाइनने धुवा, जुनी पट्टी ओढून न काढता आधी भिजवा, रक्त आलं तर स्वच्छ कापड दहा मिनिटं दाबून धरा, मधे मधे उचलून बघू नका. वास येतो तो जंतूंचा. डॉक्टरांना विचारून मेट्रोनिडाझोलची भुकटी पट्टीवर घातली की चार दिवसांत फरक पडतो. वासामुळे बाई स्वतःहून पडवीत जाऊन झोपते, नातवंडांना जवळ घेत नाही, हे मी पाहिलंय. गाठीला हात लावल्याने, एका ताटात जेवल्याने कुणाला काही होत नाही. दुखणं असेल तर मॉर्फिनच्या गोळ्यांना भिऊ नका.

बहिणींबद्दलही तुम्ही विचारलंय. हा आजार सहसा आईकडून मुलीकडे जात नाही, विषाणूने होतो. पण त्या तिशीच्या पुढच्या असतील तर एकदा एचपीव्हीची तपासणी करून घ्याच. आपल्याच उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात एक लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास झाला होता, २००९ साली छापला गेला. आयुष्यात एकदाच ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने मरणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं होतं.

राहता राहिलं कुठे जायचं. सुई तालुक्याच्या गावीही होईल, त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. पुढचं, जिथे पहिले उपचार झाले तिथेच बरं, कारण शेकाचा सगळा हिशेब त्यांच्याकडे असतो. आमच्या सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडची माणसं गोव्याला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला जातात, बाकीची परळला टाटाला. टाटाला जाणार असाल तर राहायला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा, पेशंटची कागदपत्रं लागतात. आणि जुन्या काचा व मेणाचे ब्लॉक आधीच्या लॅबकडून मागून घ्या, सही करून देतात. नवी गाठ जुनीचीच आहे का, हे दोन्ही शेजारी ठेवूनच नीट कळतं. फक्त त्या काचा फाईलमध्ये घालून एसटीच्या रॅकवर टाकू नका. गेल्याच महिन्यात एकांनी कणकवलीहून आणल्या, पाचातल्या तीन फुटलेल्या. कापसात गुंडाळून छोट्या स्टीलच्या डब्यात घाला आणि डबा मांडीवर ठेवा. ब्लॉक पावसाळ्यात चालतात, उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवले तर मेण वितळतं.